शेवटची तपासणी कोणी करायची?

ट्रिगर तपासायचं वजन दिसायला अगदी साधं असतं. लोखंडी गोळा, वर एक दांडी, दांडीला आडवा आकडा. पिस्तूल नळी वर करून उभं धरायचं, ट्रिगरला आकडा लावायचा आणि वजन टेबलावरून सावकाश उचलायचं. ५०० ग्रॅम वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर पिस्तूल पास. सुटला, तर नापास. दहा मीटर एअर पिस्तुलाचा हा जगभरचा नियम आहे. ट्रिगर यापेक्षा हलका चालत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत माझ्या मुलीचं, रेवाचं पिस्तूल त्या टेबलावर तीनही वेळा सुटलं. "टक्" असा बारीक आवाज, आणि तपासणीच्या काकांनी मान हलवली. ती तेरा वर्षांची होती. पहाटे पाचला उठून आम्ही निगडीहून बालेवाडीला गेलो होतो आणि तिच्या रिलेला, म्हणजे तिच्या गटाच्या फेरीला, पस्तीस मिनिटं उरली होती. ती रडली नाही, पण माझ्याकडे तिने जसं पाहिलं ते मला अजून आठवतं. पिस्तूल मी निवडलं होतं. स्वस्तातलं.

तिला शिकवणाऱ्या सरांनी खिशातून बारीक अ‍ॅलन की काढली, स्क्रू फिरवला, आणि घाईत तो ५६० ग्रॅमपर्यंत गेला. पिस्तूल पास झालं. पण महिनाभर ज्या बोटाला ५१० ग्रॅमची सवय झाली होती, त्याला ५६० म्हणजे अनोळखी वस्तू. सरावात ६०० पैकी ५४० गुणांच्या आसपास मारणारी पोरगी त्या दिवशी ५१७ गुणांवर अडकली. घरी येताना वाकडच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो तेव्हा मागच्या सीटवरून एवढंच म्हणाली, "आई, आपलं पिस्तूल स्वस्त आहे म्हणून झालं का गं?"

हाच प्रश्न आता रेंजच्या बाहेर बाकावर बसलेले आईवडील मला विचारतात. पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसळेने आणि मनू भाकरने पदकं मिळवल्यापासून तर जास्तच. स्वप्नीलचा सराव इथलाच, बालेवाडीचा, आणि नोकरी रेल्वेतली, त्यामुळे त्याच्या कांस्यपदकाचं आमच्याकडे घरच्यासारखं कौतुक. मला विचारतात, कारण मी भोसरीच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं क्वालिटीत आहे. नोझल तपासते. मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, गोष्टी रोज हाताखालून जातात. म्हणून मी जे सांगणार आहे ते नेमबाज म्हणून नाही, मला नेमबाजी येत नाही. तपासणी करणारी बाई म्हणून सांगते आहे.

रेवाच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला चार महिने लागले. आधी ट्रिगर. रविवार पेठेत बोहरी आळीतून अर्ध्या किलोचं लोखंडी वजन आणलं, कंपनीतल्या काट्यावर ठेवून पाहिलं, ५०१.३ ग्रॅम भरलं. त्याला तारेचा आकडा वळवला, पुन्हा काट्यावर ठेवलं, ५०४.१. हे भरलेलं वजन डब्यावर मार्करने लिहिलं. मग रोज सरावाआधी आणि नंतर वजन लावायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्या आठवड्यात, साधारण आठशे शॉट झाल्यावर, वजन उचलताना ट्रिगर सुटायला लागला. स्क्रूच्या डोक्यावर मी पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवली होती, स्क्रूवरून शेजारच्या धातूवर गेलेली. तिसऱ्या शनिवारी भिंगाखाली पाहिलं तर रेघ तुटली होती. स्क्रूवरचा अर्धा भाग डावीकडे सरकलेला, जेमतेम केसाएवढा. दर शॉटला बसणाऱ्या हादऱ्याने स्क्रू मागे फिरत होता.

त्यावरचा उपाय आमच्या शॉपमधल्या कोणत्याही फिटरला विचारा. कमी ताकदीचं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रूचे आटे जागेवर धरणारा गोंद, टाचणीच्या टोकावर मावेल एवढा थेंब. थ्रेड आधी साफ करायचे, मग लावायचं, रात्रभर ठेवायचं. त्यानंतर तो स्क्रू आजपर्यंत हललेला नाही. पंचेचाळीस हजारांच्या पिस्तुलाला जे नडलं ते पाच रुपयांचंही नव्हतं.

एवढ्यावर थांबले असते तर "स्वस्तही चांगलंच असतं" असं म्हणून मोकळी झाले असते. पण वही सुरू झाली होती आणि रेवाची दुसरी तक्रार होती: मधे थांबून पुन्हा सुरू केलं की पहिली गोळी वर जाते.

हे पिस्तूल हवेवर चालतं, म्हणजे नळीखाली एक सिलिंडर, त्यात २०० बार दाबापर्यंत हवा. ती एवढ्या दाबाने थेट सोडली तर पहिला आणि शेवटचा शॉट एकसारखे होणार नाहीत, म्हणून मधे रेग्युलेटर. तो दाब खाली आणून एका ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवतो. ट्रिगर दाबला की हातोडी व्हॉल्व्हवर आपटते, मोजकी हवा सुटते आणि छर्रा निघतो. सगळा खेळ त्या रेग्युलेटरच्या सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून हवा बंद करतो त्या जागेवर. सीट गुळगुळीत नसेल तर हवा झिरपत राहते आणि पिस्तूल नुसतं टेबलावर पडलेलं असताना आतला दाब हळूहळू चढतो. आमच्या नोझलच्या सीटलाही हाच रोग होतो, त्यामुळे तक्रार ऐकताच मला अंदाज आला होता.

सरांकडून वेग मोजायचं यंत्र मागून घेतलं. एक मिनिटाच्या अंतराने वीस शॉट: सगळे सेकंदाला १४७ ते १५१ मीटरच्या मधे. मग पाच मिनिटं थांबून एक शॉट: १५८. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा १५७. रोग सापडला.

मला फार आनंद झाला होता, खरं सांगते. वाटलं, पोरीचे गेलेले सगळे गुण सापडले. मग रात्री स्वयंपाकघरात वही उघडून हिशेब मांडला. दहा मीटर जायला १५० च्या वेगाने छर्ऱ्याला लागणारा वेळ काढला, तेवढ्या वेळात तो किती खाली येतो ते काढलं, साधारण २२ मिलिमीटर. १५८ च्या वेगाने, सुमारे २० मिलिमीटर. फरक दोन मिलिमीटर! एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं आणि एका रिंगपासून दुसरी रिंग ८ मिलिमीटरवर. म्हणजे तो सगळा रोग पाव गुणाचा. आणि रेवाच्या गोळ्या "वर" जात होत्या त्या सातमध्ये, आठमध्ये. वीस मिलिमीटर वर.

दुसऱ्या दिवशी सरांना वही दाखवली. त्यांनी आकडे वाचले आणि रेवाला म्हणाले, "थांबून पुन्हा सुरू करताना तू श्वास पूर्ण सोडत नाहीस. मी चार वेळा सांगितलंय." रेवाने मान खाली घातली. पिस्तुलात दोष होता हे खरं. पण तिचे गुण त्या दोषाने गेले नव्हते.

स्वस्त पिस्तुलाबद्दल बोलताना हे दोन वेगळे करणं मला फार महत्त्वाचं वाटतं. नव्या मुलाचा हात लक्ष्यावर सात-आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात फिरत असतो. लक्ष्याचा काळा भागच मुळी ५९.५ मिलिमीटरचा. त्या हाताला पिस्तूल सगळ्या गोळ्या सहा मिलिमीटरच्या आत टाकतं की तीनच्या, हे कळतसुद्धा नाही. अचूकतेसाठी पहिल्या दोन वर्षांत दोन लाख घालण्यात काही अर्थ नाही, हे मी ठामपणे सांगते. पण भरवसा ही वेगळी गोष्ट आहे. पिस्तूल नेम किती बारीक धरतं यापेक्षा काल जसं होतं तसंच आज आहे का, हे विचारायला हवं. साठाव्या शॉटला पहिल्यासारखंच सुटतं का? शिकणाऱ्या मुलाला त्याचीच गरज मोठ्या खेळाडूपेक्षा जास्त. चूक आपली की हत्याराची हे त्याला अजून ओळखता येत नाही. पिस्तूल रोज बदलत असेल तर ते मूल चुकीच्या गोष्टी दुरुस्त करत बसतं.

मग स्वस्त आणि महागड्यात फरक नेमका कशाचा? पंधरा-वीस वर्षांपूर्वी उत्तर सोपं होतं, मशिनिंगचा. आज तसं राहिलेलं नाही. भोसरीत, चाकणला गल्लीगल्लीत संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आहेत आणि दहा मायक्रॉन धरणारा पोरगा आयटीआयमधून बाहेर पडून दोन वर्षांत तयार होतो. नळी, बॉडी, ग्रिप, हे सगळं आता कमी पैशात चांगलं बनतं. पण पैसा वाचवायची वेळ आली की पहिली कात्री कुठे लागते ते मी एकोणीस वर्षं बघते आहे. तपासणीवर. शंभर नगांतले पाच तपासायचे आणि बाकीचे पेटीत भरायचे. सगळे नग वाईट नसतात, बहुतेक चांगलेच असतात. पण कोणता चांगला आणि कोणता नाही, हे पाठवणाऱ्याला माहीत नसतं.

नावाजलेल्या मॅच पिस्तुलाच्या पेटीत एक छोटं कागदी लक्ष्य असतं. कारखान्यात तेच पिस्तूल पकडीत बसवून दहा मीटरवरून झाडलेल्या गोळ्यांचं. सगळ्या गोळ्यांचं मिळून एकच भोक, छर्ऱ्यापेक्षा किंचित मोठं. लोक ते अचूकतेचं प्रमाणपत्र म्हणून फ्रेम करतात. मला त्यात दुसरंच दिसतं. हा नग, हाच नंबर, कोणीतरी हातात घेऊन झाडून पाहिला आहे. जास्तीच्या पैशांतला मोठा भाग त्या माणसाच्या पगाराचा आहे. आणि उरलेला, तीन वर्षांनी मागितलं तर त्याच मापाचा सील मिळण्याचा. स्वस्त पिस्तूल घेतलं की ती शेवटची तपासणी गिऱ्हाइकाच्या घरी होते. करायची तयारी असेल तर ते पिस्तूल पुष्कळ चालतं. नसेल तर मुलाच्या स्पर्धेच्या दिवशी तपासणीच्या टेबलावर होते.

आता महागड्यांबद्दल, कारण तिथेही डोळे मिटून चालत नाही. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने जुनं, पण मोठ्या नावाचं पिस्तूल घेतलं. दागिना गहाण ठेवून. पिस्तूल खरोखर सुंदर होतं, ट्रिगर तर लोण्यासारखा. मी हातात घेऊन सिलिंडर फिरवला आणि त्यावर कोरलेली तारीख वाचली. दहा वर्षं उलटून गेली होती. हवेच्या सिलिंडरला मुदत असते, जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि मुदतीतला सिलिंडर वापरायची जबाबदारी नेमबाजाची, हेही नियमातच आहे. २०० बार म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळजवळ शंभरपट दाब, आणि तो लेकराच्या मनगटापासून वीतभर अंतरावर. विकणाऱ्याने तारखेचा शब्द काढला नव्हता. नवा सिलिंडर परदेशातून यायला अडीच महिने गेले, तोपर्यंत मुलगा क्लबच्या पिस्तुलावर खेळला. त्या आईचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की आधी तारीख वाचायची असते.

आणि टोकियो ऑलिंपिक. २५ जुलै २०२१. आम्ही घरी टीव्हीसमोर होतो. मनू भाकर पात्रता फेरीत चांगली चालली होती आणि मधेच तिचं पिस्तूल बिघडलं. जगातल्या उत्तम पिस्तुलांपैकी एक, सांभाळणारी माणसंही जाणकार. तिला फायरिंग पॉइंट सोडून दुरुस्तीला जावं लागलं, मिनिटांमागून मिनिटं गेली. परत येऊन उरलेल्या शॉटची घाई करत तिने ५७५ मारले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. रेवा तेव्हा लहान होती, तिला फार कळलं नाही. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. ज्या वस्तूला हलणारे भाग आहेत ती कधी ना कधी मोडणारच, किंमत काहीही असो. तीन वर्षांनी पॅरिसला त्याच मुलीने दोन कांस्यपदकं घेतली तेव्हा आमच्या सोसायटीत फटाके वाजवायला मीच खाली उतरले होते.

हे सगळं हवेच्या पिस्तुलाचं झालं, ज्याच्या नळीचा व्यास .१७७ इंच आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर लायसन लागत नाही. पण मला हा विषय आणखी एका बाजूने माहीत आहे. माझे मोठे दीर सासवडला असतात, त्यांच्याकडे लायसनचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं. त्यांच्या मित्राकडे वडिलांच्या वेळचं वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅमचं. दिवाळीत ते दोघं एकत्र आले की हाच वाद: देशी आणि विलायती. मित्र म्हणतो, माझ्याला लाखो रुपये मोजणारं गिऱ्हाईक आहे, तुझ्याला कोण विचारतो?

गिऱ्हाईक आहे, यात खोटं काही नाही. पण कशामुळे? सामान्य लायसनधारकाला परदेशी हत्यार मागवायची वाट ऐंशीच्या दशकात बंद झाली. त्याआधी जी देशात आली तेवढीच फिरत राहिली, दरवर्षी थोडी कमी होत. जे थोडं आहे ते महाग. जुन्या पिस्तुलाची सात-आठ लाखांची किंमत ऐकली की लोकांना वाटतं, तेवढं ते उत्तम असणार. ती टंचाईची किंमत आहे. आपल्याकडे हत्याराच्या किमतीवरून त्याचा दर्जा ठरवणं म्हणूनच फार फसवं आहे. कानपूरचंही काही फुकट नव्हतं. २०१४ साली ५०० ग्रॅम वजनाचं निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती.

गंमत अशी की ही दोन्ही रिव्हॉल्व्हरं एकाच घराण्यातली आहेत. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच जुन्या आराखड्यावर बेतलेलं. तसंच मधून मोडून उघडणारं, तसाच सहा गोळ्यांच्या घरांचा फिरता सिलिंडर. आणि आता खुद्द वेब्ली अँड स्कॉट नावाची .३२ रिव्हॉल्व्हरं उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे बनतात. मी भाऊजींना हे सांगितलं तेव्हा ते दोघंही थोडा वेळ गप्प बसले. मग मित्राने विचारलं, "पण वहिनी, भरवशाचं कोणतं?"

मी विचारलं, "तुम्ही शेवटची गोळी कधी झाडली?"

भाऊजी म्हणाले, सहा वर्षं झाली असतील. मित्राने तर वडील गेल्यापासून झाडलीच नव्हती. काडतुसं कपाटात, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला लागून. भाऊजींच्या काडतुसांच्या बुडावर केएफ कोरलेलं आहे, म्हणजे किरकी फॅक्टरी, आमचा खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ पासूनचा. माल चांगला, पण वीस वर्षं ओलीत ठेवलेला कोणाचाही दारूगोळा दगा देऊ शकतो, आणि त्या दिवशी बोल लागतो रिव्हॉल्व्हरला. जे झाडलेलंच नाही, साफ केलेलं नाही, जाणकाराकडून तपासून घेतलेलं नाही, त्याला भरवशाचं म्हणायला माझ्याकडे आधारच नाही. मग त्यावर बर्मिंगहॅम लिहिलेलं असो की कानपूर. पुढच्याच महिन्यात दोघं लायसन असलेल्या हत्यारांच्या दुकानात हत्यारं दाखवायला गेले. जुन्या काडतुसांचं काय करायचं तेही तिथेच विचारून घेतलं.

भाऊजींचा मुलगा परदेशी पिस्तुलांचं खूप वाचतो. त्याच्याकडून मला ग्लॉकची हकीकत कळली आणि ती मला फार आवडली, म्हणून इथे लिहिते. गास्टन ग्लॉक हा ऑस्ट्रियाचा माणूस पडद्याच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुऱ्या बनवायचा, पिस्तूल त्याने कधी बनवलं नव्हतं. १९८२ मध्ये त्याचं पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतलं. बॉडी प्लॅस्टिकची, एकूण भाग अवघे चौतीस. जुनी, नावाजलेली, पोलादी घराणी मागे राहिली. आज जगभर लोक भरवशाचं पिस्तूल म्हणून ज्याच्याशी तुलना करतात ते तेव्हा स्वस्त, नवखं आणि प्लॅस्टिकचं होतं. माझ्या धंद्यातल्या बाईला यात नवल वाटत नाही. भाग कमी तेवढ्या बिघडायच्या जागा कमी, तपासायच्याही जागा कमी.

तशीच रशियाची इझेव्हस्कची इझ-४६ एम. सिलिंडर नाही, रेग्युलेटर नाही, खालची लांब दांडी एकदा ओढायची, तेवढ्याने हवा दाबली जाते. महागड्या पिस्तुलांच्या मानाने तिची किंमत फारच कमी, पण जगभरच्या क्लबांत ती वर्षानुवर्षं चालत आली आहे. दर शॉटला दांडी ओढून हात दुखतो, हे खरं. पण दाब चढायला आत काही शिल्लकच नसतं.

तर बाकावरच्या आईवडिलांना मी काय सांगते? आधी सहा महिने क्लबचं पिस्तूल. मूल टिकतं का ते बघा. मग स्वस्तातलं घ्यायचं तर खुशाल घ्या, पण घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारा: सील, ओ-रिंग आणि ट्रिगरचा स्प्रिंग तुमच्याकडे आत्ता कपाटात आहे का? "मागवून देऊ" हे उत्तर नाही. घरी आणलं की सिलिंडर भरून दाबाच्या काट्याचा फोटो काढा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काढा. काटा उतरला असेल तर साबणाच्या पाण्याने सांधे पुसा, बुडबुडा येईल तिथे गळती. तेल घालायची हौस करू नका. दाबलेल्या हवेत शिवणयंत्राचं तेल धोक्याचं असतं, लागलंच तर सिलिकॉन ग्रीस आणि तेही सांगितलेल्या जागी. वजन लावा, लिहा. छर्रे बदलू नका. एका डब्यातले ४.४९ मिलिमीटरचे आणि दुसऱ्यातले ४.५० चे मिसळून पिस्तुलाला नावं ठेवणारे वडील मी पाहिले आहेत. आणि कर्ज काढू नका. कर्जाचं पिस्तूल मुलाच्या हातात फार जड होतं. दहाऐवजी नऊ पडला की दर वेळी त्याला हप्ता आठवतो, हे मी एका मुलाच्या तोंडून ऐकलं आहे.

आमच्या त्या पिस्तुलाने जवळजवळ पस्तीस हजार शॉट झाडले. रेग्युलेटरचा सील मी दोनदा बदलला, भोसरीतच मिळालेल्या कडक नायट्राइलचा. सीट मात्र तशीच राहिली, ती माझ्या हातची नव्हती. रेवा आता ५६०च्या वर मारते आणि तिच्या हातातलं वर्तुळ इतकं लहान झालं आहे की ते दोन मिलिमीटर तिला खरोखर लागतात. दहाच्या काठावरची गोळी नऊमध्ये जाते आणि ती बरोबर सांगते, "आई, ही माझी नव्हती." मी वही बघते, मधे थांबली होती. बरोबर असते. म्हणून या दिवाळीत आम्ही महागडं घेतलं. तीन वर्षं दर महिन्याला बाजूला टाकलेल्या पैशांतून, माझा बोनस घालून.

जुनं मोशीच्या एका मुलाला दिलं. सोबत वजन, पांढऱ्या रेघेचा स्क्रू आणि पस्तीस हजार शॉटची वही. त्याचे वडील वर्कशॉपमध्येच आहेत, वही चाळताना त्यांनी थ्रेडलॉकरच्या पानावर बोट ठेवून नुसती मान हलवली.

नवं पिस्तूल आलं त्या संध्याकाळी रेवा पेटी उघडायला बसली. फोम, किल्ल्या, ते छोटं लक्ष्य, त्यातलं एकच भोक. तिने ते उजेडात धरून पाहिलं, मग पेटीत परत ठेवलं आणि नवी वही ओढली. पहिल्या पानावर सिलिंडरची तारीख लिहिली. मग म्हणाली, "आई, वजन कुठंय?" तेव्हा लक्षात आलं, ते मोशीला गेलं. शनिवारी पुन्हा बोहरी आळीत जायचं आहे.